एक काटकोन

बीएमडब्ल्यूची पहिली मोटारसायकल आर ३२ समोरून पाहावी. बाजूने काढलेले तिचे फोटो आपण पुष्कळ पाहिलेले असतात: काळी त्रिकोणी टाकी, तिच्या कडेने धावणाऱ्या पांढऱ्या रेघा, सायकलीसारखी सडपातळ चौकट. पण गाडीच्या पुढ्यात उकिडवं बसलं की कावडीच्या घागरींसारखे दोन सिलिंडर दोन्ही अंगांनी बाहेर आलेले दिसतात. मला ही गाडी कळली ती तिथून.

पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनीत विमानाची इंजिनं बनवण्यावर बंदी आली. म्युनिकच्या बीएमडब्ल्यूचा तर तोच धंदा होता. कंपनी रेल्वेचे ब्रेक बनवू लागली, आणि मार्टिन स्टोलेने घडवलेलं सुमारे ५०० सीसीचं दोन सिलिंडरांचं इंजिन इतर कारखान्यांना विकू लागली. हेलिओस नावाच्या फटफटीत ते लांबीने बसवलेलं होतं, एक सिलिंडर पुढे आणि एक मागे. पुढच्याला वारा मिळायचा आणि मागचा तापायचा.

हे दुखणं आलं माक्स फ्रिट्झकडे. तो विमानाच्या इंजिनांचा माणूस. त्याने इंजिन काटकोनात फिरवलं. दोन्ही सिलिंडर वाऱ्यात आले, हा त्यातला दिसणारा भाग. मला खरी मौज वाटते ती पोटातल्या रचनेची. इंजिन फिरवल्यावर त्याचा क्रँकशाफ्टही गाडीच्या लांबीत आला. त्याच्या मागे गिअरबॉक्स थेट जोडता आला आणि गिअरबॉक्समधून एक दांडा सरळ मागच्या चाकापर्यंत नेता आला. शक्तीला वळायचं ते एकदाच, चाकाजवळच्या दातेरी चक्रांपाशी. साखळी गेली, तिचं ग्रीस गेलं, विजारीवरचे डागही गेले. त्या काळी बऱ्याच गाड्या इंजिनात घातलेलं तेल रस्त्यावर सांडत जायच्या. इथे तेल इंजिनाच्या तळाशी साठायचं आणि तेच पुन्हा फिरायचं. एक भाग वळवला आणि बाकीचे आपसूक आपापल्या जागी बसले, असं सुख यंत्रात क्वचित मिळतं.

१९२३ साली बर्लिनच्या प्रदर्शनात ही आर ३२ लोकांसमोर आली. ४९४ सीसी आणि साडेआठ अश्वशक्ती. आकडा आज किरकोळ वाटेल, पण पिस्टनचा व्यास ६८ मिलिमीटर आणि त्याची धावही ६८ मिलिमीटर, हा समतोल पाहा. फ्रिट्झला घाई नव्हती, हे त्या आकड्यांतही दिसतं.

पुढची पिढी वेगाची. १९३७ साली एर्न्स्ट हेने याने बीएमडब्ल्यूवर, कवचात बसून ताशी २७९.५ किलोमीटरचा विक्रम केला, तो १९५१पर्यंत टिकला. १९३९मध्ये गेओर्ग मायरने बीएमडब्ल्यूवरच आइल ऑफ मॅनची सीनियर टीटी शर्यत जिंकली. तिथली ही शर्यत परदेशी स्वाराने परदेशी गाडीवर जिंकण्याची ती पहिलीच वेळ. आर ६९ एस (१९६०) अनेकांची लाडकी आहे. मला मात्र तिचा पुढचा जाडजूड फोर्क डोळ्यांना जड वाटतो. त्यामागे साइडकारचा विचार होता हे मान्य, तरी ती ओढायची गाडी दिसते, उडायची नाही.

उडायची गाडी म्हणजे १९७३ची आर ९० एस. ८९८ सीसी, ६७ अश्वशक्ती आणि हान्स मुथने हँडलवर चढवलेलं छोटंसं कवच. तिचा रंग जवळून पाहायला हवा. टाकीवर रुपेरी रंग धुरकट होत काळ्यात विरतो. तो हाताने फवारलेला, त्यामुळे कोणत्याही दोन गाड्यांचा धूर सारखा नाही. कडेच्या बारीक रेघाही कारागिराने कुंचल्याने ओढलेल्या. बोट अलगद फिरवलं तर एखाद्या ठिकाणी रेघ किंचित जाड झालेली कळते. तिथे कारागिराचा श्वास अडला असेल का, असं मनात येऊन मी बराच वेळ तिथेच थांबलो होतो.

मग मालकाने मला गाडीवर बसू दिलं आणि इंजिन सुरू केलं. बुलेटसारखा छातीत घुमणारा ठोका नाही, खालून येणारी जाड, सलग गुरगुर. उभ्या जागीच मूठ पिरगळली आणि गाडी माझ्याखाली एका अंगाला कलली. लांबीत बसलेला क्रँकशाफ्ट वेग घेताना गाडीला कुशीवर ओढतो. मूठ सोडली, ती सरळ झाली. पुन्हा पिरगळली, पुन्हा कलली. १९२३ साली फ्रिट्झने फिरवलेला तो काटकोन मला दोन्ही मांड्यांमध्ये जाणवत होता.