छाप आणि नमुना: सोबत्याला घातलेल्या हाकेची समीक्षा

कॉटन ग्रीन स्थानकाच्या पुलावर उभे राहिले म्हणजे गोदामांच्या लांबच लांब रांगा आणि त्यांच्यामधून डोके वर काढणारी कापूस बाजाराची हिरवी, भव्य इमारत दृष्टीस पडते. 1844 साली कोटातल्या मैदानातून कुलाब्याला नेलेला हा बाजार पुढे विसाव्या शतकात, पोर्ट ट्रस्टने समुद्र हटवून तयार केलेल्या शिवडीच्या जमिनीवर येऊन स्थिरावला, आणि त्याच्याबरोबर रुई पारखण्याची एक जुनी रीतही इथे आली. गाठ दाबून बाहेर पडली की तिच्यावर कारखान्याची छाप आणि क्रमांक असलाच पाहिजे, असा 1925 च्या कायद्याचा दंडक. परंतु निव्वळ छाप पाहून सौदा मुक्रर करणारा व्यापारी या बाजारात फार काळ टिकला नसता. गाठीतून मूठभर नमुना काढायचा, त्याचा पुंजका दोन्ही हातांच्या अंगठ्यांत धरून हलकेच ताणायचा, सुटलेले तंतू पुन्हा एकमेकांवर ठेवून पुन्हा ताणायचे, आणि ते समांतर झाले की त्यांची लांबी डोळ्यांनी जोखायची, असा त्याचा क्रम असे. माल कोणत्या घरचा हे छापेवरून कळे. तो कसा आहे, हे सांगण्याचे काम नमुन्याचे.

छाप आणि नमुना यांतला हा भेद या लेखात मी एका निराळ्याच व्यवहाराला लावून पाहणार आहे. नाटकासाठी पात्रे पाहिजेत, एकांकिकेसाठी नट हवेत, किंवा दोघांनी एकेका पात्राची भूमिका घेऊन आळीपाळीने मजकूर लिहीत कथा पुढे न्यायची, अशी जी लेखनक्रीडा अलीकडे तरुणांत रुजली आहे तिच्यासाठी जोडीदार हवा, असे जेव्हा कोणी जाहीर करतो, तेव्हा त्याने चित्राचा आश्रय करावा की मजकुराचा? वरवर पाहता हा प्रश्न केवळ सोयीचा आणि आवडीचा वाटतो. परंतु कल्पनेच्या खेळात सोबती शोधणे ही स्वतःच एक कला आहे आणि आपल्या मुंबईत तिला शंभरांहून अधिक वर्षांचा इतिहास आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे तिच्या आजच्या अवस्थेची समीक्षा अगत्याची ठरते.

या इतिहासातले पहिले ठळक प्रकरण दादरचे आहे. 1912 साली ‘राजा हरिश्चंद्र’ चित्रपटाची जुळवाजुळव करताना दादासाहेब फाळके यांनी वर्तमानपत्रांतून नटांसाठी जाहिराती दिल्या. पडद्यावर केवळ मूक चित्र उमटणार असल्यामुळे मुखाची ठेवण हीच त्या कामी मुख्य पात्रता होती. तथापि ती मागणी शब्दांतूनच करावी लागत होती, आणि आलेले उमेदवार मनाजोगे नसल्यामुळे, चेहरा देखणा नसलेल्यांनी येण्याची तसदी घेऊ नये अशा आशयाची पुस्ती जाहिरातीला जोडावी लागली, असे चरित्रकार सांगतात. अखेर जाहिरातीचा नाद सोडून त्यांनी ओळखीपाळखीतून आणि प्रत्यक्ष हिंडून माणसे गोळा केली. स्त्री मिळेना म्हणून ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. 3 मे 1913 रोजी गिरगावातल्या कोरोनेशनमध्ये हा चित्रपट लोकांपुढे आला. पुढे प्रेक्षकांना ओढून आणण्यासाठी त्यांनी जी जाहिरात केली ती तर अधिकच बोलकी आहे. 57,000 छायाचित्रे आणि दोन मैल लांबीचे चित्र अवघ्या तीन आण्यांत, असा तिचा मथितार्थ होता. चित्रपटाची नोंदलेली लांबी सुमारे 3,700 फूट, आणि फितीच्या एका फुटात 16 चौकटी मावतात. त्या हिशेबाने छायाचित्रांचा आकडा जवळजवळ बरोबर येतो, मात्र लांबी पाऊण मैलाचीही भरत नाही. चित्राचे सामर्थ्य पटवून देण्यासाठी ज्याला शब्द आणि अंक यांचीच कास धरावी लागली, असा हा आपल्या चित्रयुगाचा जनक होय. नट शोधतानाचे त्याचे अपयश मात्र मला अधिक शिकवते. जे डोळ्यांनी पाहूनच ठरवायचे ते शब्दांत मागितले, म्हणून त्याची हाक वाया गेली. हाकेचे साधन कामाच्या स्वरूपाला जुळलेले असावे, हा या प्रकरणातून निघणारा पहिला नियम.

रंगभूमीच्या जाहिरातीने मात्र दीर्घकाळ अक्षरांवरच विश्वास ठेवला. 8 जुलै 1921 रोजी मुंबईच्या बालीवाला नाट्यगृहात टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झाला, तेव्हा बालगंधर्वांची भामिनी आणि केशवराव भोसल्यांचा धैर्यधर एकत्र येणार एवढी वार्ताच पुरेशी होती. कारण ती दोन नावे उच्चारताच श्रोत्यांच्या कानांत दोन आवाज जागे होत. चित्राकडे वळण्याची वाट याच सुमारास रंगभूमीच्या पडद्यामागून निघाली. नाटकांचे पडदे रंगवणारे कोल्हापूरचे बाबूराव पेंटर चित्रपटात गेले, आणि त्यांच्या 1924 च्या ‘कल्याण खजिना’चे भित्तिचित्र भारतीय चित्रपटाच्या उपलब्ध भित्तिचित्रांत सर्वांत जुने मानले जाते. पुढल्या पिढीत कमल शेडगे यांनी ‘मत्स्यगंधा’, ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ अशा नाटकांची शीर्षके रेखाटून वृत्तपत्रातल्या नाटकांच्या पानाचे रूपच पालटले. अक्षराच्या वळणावरून, वेलांटीच्या ताणावरून आणि शिरोरेषेच्या जाडीवरून नाटकाची प्रकृती वाचकाच्या ध्यानी यावी, ही त्यांची प्रतिज्ञा. 2020 साली ते गेले. परंतु चित्र आणि अक्षर यांत वैर असण्याचे कारण नाही, हा त्यांनी आपल्या हाताने दिलेला दाखला कायम आहे.

हा झाला प्रेक्षकाला बोलावण्याचा प्रकार. सोबत्याला बोलावण्याची कला शोधायची तर गिरणगावाच्या चाळींत शिरले पाहिजे. परळच्या दामोदर ठाकरसी सभागृहाने, म्हणजे आमच्या भाषेत दामोदर हॉलने, 1922 पासून कामगार रंगभूमीला आसरा दिला. तिथल्या रंगमंचावर जे नाटक चढे त्याची पहिली ओळ बहुधा एखाद्या चाळीच्या जिन्याखालच्या काळ्या फळ्यावर उमटलेली असे. काळाचौकीतल्या आमच्या चाळीतला फळा मला आजही जसाच्या तसा आठवतो. साचेखात्यात काम करणारे आमच्या मंडळाचे चिटणीस सुट्टीच्या दिवशी सकाळी ओल्या फडक्याने तो पुसत, तो वाळेपर्यंत विडी ओढत, आणि मग ठसठशीत अक्षरांत लिहीत, की गणपतीतल्या नाटकासाठी चार पुरुष पात्रे व एक मुलगा पाहिजे; तालीम रात्री नऊनंतर, सबब दुसऱ्या पाळीच्या व रातपाळीच्या मंडळींनी आधी भेटावे; संवाद पाठ करण्याची तयारी हवी; मालवणी बोलणाऱ्यास प्राधान्य. पाळीचा उल्लेख करण्यात त्यांचा व्यवहार होता, कारण ज्याची पाळी जुळत नाही त्याच्या अंगी कितीही गुण असले तरी त्याचा तालमीला उपयोग नाही.

एका वर्षी त्यांनी खाली एक ओळ अधिक लिहिली. नाटकातल्या बापाच्या तोंडचे ते वाक्य होते: ‘दार उघडंच ठेव, तो आला तर त्याला हाक मारायला लागता नये.’ त्याच्याखाली मुलाच्या उत्तरासाठी त्यांनी रिकामी जागा सोडली. दुसऱ्या दिवशी पहाटे नळावर जाणाऱ्या बायकांना त्या जागी खडूने लिहिलेली वेडीवाकडी अक्षरे दिसली: ‘दार उघडंच आहे, बाबा, पण दिवा विझलाय.’ तिसऱ्या मजल्यावरच्या, लोकांत तोंड न उघडणाऱ्या एका पोराचे ते अक्षर निघाले, आणि मुलाचा पार्ट त्यालाच मिळाला. चेहरा पाहून निवड करायची असती तर त्याला कोणी विचारलेही नसते. फळ्यावरच्या त्या एका ओळीने त्याला त्याच्या उंचीचा, रंगाचा, अंगावरच्या कपड्यांचा हिशेब विचारला नाही. ऐकलेल्या वाक्याला तुझ्या मनात कोणते उत्तर उमटते, एवढेच विचारले. यालाच मी नमुना म्हणतो, आणि सोबत्याला घातलेल्या हाकेचा प्राण इथेच आहे अशी माझी धारणा आहे.

याच गिरणगावात चित्राला त्याचा रास्त मानही मिळालेला आहे. डबलबारीच्या भजनाचे फलक पाहावेत: दोन बाजूंना दोन बुवांची छायाचित्रे, मध्ये स्थळ आणि वेळ. शक्ती-तुऱ्याच्या सामन्यांतही तीच रीत. सिंधुदुर्गातून येणाऱ्या दशावताराची गोष्ट तर विशेष विचार करण्याजोगी आहे. कारण दशावतारात लिखित संहिता नसते, कथासूत्र ठरले की राजा आणि राक्षस रंगमंचावर उभे राहून जागच्या जागी संवाद रचतात आणि एकाच्या वाक्याला दुसरा तोडीस तोड उत्तर देतो. निरनिराळ्या मंडळांतले नामवंत कलावंत जेव्हा ‘संयुक्त दशावतारा’साठी एकत्र येतात, तेव्हा जाहिरातीत कोण कोणती भूमिका करणार हे नावानिशी दिलेले असते, सोबत छायाचित्रेही असतात. इथे चित्र खोटे बोलत नाही. ज्याचा चेहरा फलकावर आहे तोच माणूस रात्री समोर उभा राहणार आहे, आणि त्याचा आवाज कसा लागतो, त्याचा शब्द कसा सुटतो, हे रसिकाला आधीच्या अनुभवाने ठाऊक आहे. छापेमागे नमुना उभा असेल तर छापेवर विसंबण्यात दोष नाही.

1982 च्या जानेवारीत सुरू झालेल्या संपाने अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगारांचे संसार हलवले, आणि पाळ्याच राहिल्या नाहीत तिथे पाळी विचारणारे फळेही एकेक करून कोरे पडले. 2023 च्या अखेरीस दामोदर हॉलही पुनर्बांधणीसाठी बंद झाला. सोबती शोधण्याची गरज मात्र संपली नाही; ती भिंतीवरून हातातल्या मोबाइलवर आली. नाट्यसंस्थांची ‘कलाकार हवेत’ अशी आवाहने मी हल्ली नियमाने वाचतो, आणि शेजारच्या मुलामुलींनी विश्वासाने दाखवलेली, लेखनातला जोडीदार शोधणारी निवेदनेही वाचली आहेत. त्यांतली बहुसंख्य चित्ररूप आहेत: काळी पार्श्वभूमी, वरून पडलेला प्रकाशाचा झोत, हसरा आणि रडवा असे दोन मुखवटे, आणि खाली फोन क्रमांक. लेखनाच्या जोडीदारासाठी केलेल्या चित्रांत मुखवट्यांच्या जागी एखाद्या सिनेनटाचा चेहरा, मागे धुके किंवा पाऊस, आणि पात्राचे नाव. परिश्रम दिसतात, रंगांची जाणही दिसते. परंतु दहा निवेदने एकापुढे एक मांडली तर कोणते कोणाचे हे सांगता येत नाही, आणि ज्याच्याशी महिनोन्महिने शब्दांचा व्यवहार करायचा त्याचा एकही शब्द त्यात आढळत नाही.

चित्राच्या बाजूने जे म्हणता येईल ते प्रामाणिकपणे म्हटले पाहिजे. घाईने सरकणाऱ्या नजरेला ते थांबवते. कथेचा काळ, तिचे हवामान, तिची मनःस्थिती ते एका क्षणात सुचवते. आणि ज्याला शब्द जुळवणे जड जाते त्याला ते धीर देते. तथापि त्याचे तीन दोष मला गंभीर वाटतात. पहिला असा, की उसना चेहरा लावताच पात्र त्या चेहऱ्यात बंदिस्त होते आणि सोबत्याच्या कल्पनेला वाव उरत नाही; कादंबरीतली नायिका प्रत्येक वाचकाची निराळी असते, हे जे वाचनाचे वैभव, ते खेळ सुरू होण्यापूर्वीच खर्ची पडते. दुसरा असा, की देखणेपणाची जी अट फाळक्यांना मूकपटाच्या गरजेपोटी घालावी लागली, ती जिथे चेहऱ्याचे काहीच काम नाही अशा लेखनक्रीडेतही नकळत शिरते, आणि गोऱ्या, रेखीव, तरुण चेहऱ्यांच्या गर्दीत म्हातारी, कामकरी, काळीसावळी पात्रे जन्मालाच येत नाहीत. तिसरा दोष व्यवहाराचा आहे: चित्रात कोरलेली अक्षरे शोधल्याने सहजी सापडत नाहीत, आणि दृष्टिहीन माणसाचा फोन साधा मजकूर जितक्या बिनचूकपणे वाचून दाखवतो तितक्या भरवशाने ती वाचू शकत नाही. वाणीने खेळायच्या खेळातून ज्यांची वाणीच मुख्य संपत्ती आहे त्यांना वगळणे, हे मला अन्यायाचे वाटते.

परंतु मजकूर लिहिला म्हणजे काम झाले असेही समजू नये. ‘होतकरू आणि कलेची आवड असणाऱ्यांनी संपर्क साधावा’ या वाक्यात अक्षरे आहेत, नमुना नाही. तीही छापच, फक्त शब्दांत उमटवलेली. उत्तम हाकेचा तपशील आमच्या चिटणिसांच्या फळ्याने केव्हाच घालून दिला आहे. काम कोणते, वेळ किती, भाषा कोणती, कोणत्या प्रसंगाला आपण हात घालणार नाही, हे आधी स्पष्ट सांगावे. आणि मग चालू कथेतला चार-पाच ओळींचा उतारा अशा ठिकाणी तोडून द्यावा की वाचणाऱ्याच्या जिभेवर पुढचे वाक्य आपोआप यावे. याउपर चित्र जोडायचे तर खुशाल जोडावे, पण ते स्थळाचे असावे: बंद पडलेल्या गिरणीची चिमणी, पावसात भिजलेला फलाट, अर्धवट उघडे दार. दारातून कोण येणार हे त्या चित्राने ठरवू नये.

आजच्या मुलांना मी हे आग्रहाने सांगतो, कारण त्यांच्यापाशी आमच्यापेक्षा अधिक साधने आहेत आणि त्यांचा एकटेपणाही मला आमच्यापेक्षा अधिक दिसतो. आमच्या चाळीतल्या त्या मुक्या पोरासारखी किती तरी मुले आज बंद दाराआड बसून चित्रांमागून चित्रे पुढे सरकवत असतील, आणि त्यांतले एकही चित्र त्यांना उत्तर मागत नसेल. त्यांच्यासाठी कोणीतरी एक वाक्य लिहावे आणि त्याच्याखालची जागा रिकामी सोडावी. त्या पोराला त्या रात्री खडू कोणी आणून दिला नव्हता. फळ्याच्या कडेला चिटणिसांनी तो मुद्दाम ठेवलेला होता.