अक्षर, वर्ण आणि पायथनची स्ट्रिंग

प्रोग्रामिंग भाषेतील अंगभूत पद्धती म्हणजे केवळ सोयीची अवजारे, असा समज रूढ आहे. वस्तुतः मूळ प्रकाराला जोडलेल्या प्रत्येक पद्धतीत त्या प्रकाराची एक व्याख्या गृहीत धरलेली असते. २००८ साली आलेल्या पायथन ३ ने स्ट्रिंग युनिकोडवर उभी केली आणि देवनागरीस तीत हक्काचे स्थान मिळाले, हे निर्विवाद होय. तथापि अक्षर कशास म्हणावे, या प्रश्नाचे तिने दिलेले उत्तर तपासून पाहावयास हवे.

लातूर जिल्ह्यातील ‘निलंगा’ हे ग्रामनाम कसोटीस घेऊ. बाराखडी शिकलेले मूल त्यात नि, लं, गा अशी ३ अक्षरे मोजील. वैयाकरण न्, इ, ल्, अ, अनुस्वार, ग्, आ असे ७ वर्ण सांगेल. लांबी मोजणारे ‘लेन’ हे अंगभूत फलन मात्र ६ हा आकडा देते. ही संख्या अक्षरांची नव्हे, वर्णांचीही नव्हे. व्यंजनात ‘अ’ गृहीत धरून मात्रेस व अनुस्वारास स्वतंत्र क्रमांक देणाऱ्या संकेतनाची ती आहे.

हा भेद एकदा उमगला की लांबीपुरता निभाव लागतो. ‘इज-अल्फा’ या पद्धतीची गोष्ट निराळी. स्ट्रिंगमध्ये केवळ अक्षरेच आहेत काय, हे सांगणे तिचे काम. ती ‘घर’ला होकार देते, ‘निलंगा’ला नकार, कारण युनिकोडने मात्रा व अनुस्वार ‘अक्षर’ या वर्गात न घालता ‘चिन्ह’ या वर्गात घातले आहेत. लातूर जिल्ह्याच्या १० तालुक्यांपैकी एकाचेही नाव या कसोटीस उतरत नाही. अर्जातील नावाच्या रकान्यात अंक शिरू नयेत म्हणून ही पद्धती योजणारा विद्यार्थी नकळत आपल्याच गावाचे नाव फेटाळतो. उलट ‘इंट’ला देवनागरीतील ‘१९८२’ विनासायास वाचता येते. अंकांविषयी औदार्य आणि मात्रांविषयी संकोच, असा हा विसंगत व्यवहार आहे.

यादीची ‘सॉर्ट’ पद्धतीही संकेतक्रमांकाच्याच आज्ञेत वागते. ती ‘काळा’ला ‘कावळा’च्या आधी बसविते, मराठी वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’नंतर येत असल्याने कोशातील क्रम याच्या उलट असतो.

ही यंत्राची अपरिहार्य मर्यादा मानता येत नाही. २०१४ साली आलेली स्विफ्ट भाषा ‘निलंगा’त ३ अक्षरेच मोजते. म्हणजे प्रश्न निवडीचा आहे. पायथनमध्येही ‘युनिकोडडेटा’ हे मोड्यूल घेऊन चिन्हवर्गास नावात प्रवेश देता येतो. मात्र त्यासाठी पद्धतीच्या नावावर विसंबून न राहता तिची व्याख्या वाचण्याची शिस्त अभ्यासकाने अंगी बाणविली पाहिजे.