पेल्यातली रचना

पाणी, साखर, मीठ, लिंबू. लिंबू सरबताच्या कृतीत सांगण्यासारखं आणखी काय असणार? तरी दोन घरांतलं सरबत कधी एकसारखं लागत नाही. इतक्या थोड्या जिनसांत डावं-उजवं कशावरून ठरतं, ते एकदा निरखून पाहावं.

सुरुवात लिंबापासून. कागदी लिंबू पातळ सालीचं, पिवळसर, हाताला जड लागेल असं घ्यावं. ओट्यावर तळहाताने दाबून फिरवलं की रस मोकळा सुटतो. कापल्याबरोबर जो वास दरवळतो, तो सालीतल्या तेलाचा. आंबटपणा रसातल्या सायट्रिक आम्लाचा. पिळणाऱ्याचं कसब हे, की सालीचा सुगंध उतरावा आणि कडूपणा तिथेच राहावा. शेवटच्या थेंबासाठी साल पिरगाळली किंवा बी चिरडली, की तो लोभ पुढच्या प्रत्येक घोटात जाणवतो.

मग क्रम. साखर-मीठ आधी माठातल्या पाण्यात पूर्ण विरघळवायचं, मग लिंबू पिळायचं, बर्फ हवाच तर अगदी शेवटी. बर्फ आधी पडला तर साखर तळाशी बसते. पहिला घोट नुसता आंबट आणि शेवटचा पाकासारखा. भांडं स्टीलचं किंवा काचेचं असावं, बिनकल्हईच्या पितळेत आंबट कळकतं.

या रचनेतली सगळ्यात सूक्ष्म जागा मिठाची. चिमूट अशी पडावी, की सरबत खारट लागू नये, पण ती नसली तर काहीतरी राहिल्यासारखं वाटावं. मीठ कडवट छटा दाबतं आणि गोडी वर आणतं. जिभेवरचं काम संपलं की पोटातलं सुरू होतं. लहान आतड्यात साखरेतलं ग्लुकोज आणि मिठातलं सोडियम जोडीनं शोषलं जातं आणि त्यांच्यामागोमाग पाणी रक्तात जातं. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी कॉलऱ्याच्या रुग्णांना मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा घातलेलं पाणी पाजून असंख्य जीव वाचवले, ते याच तत्त्वावर. सरबत म्हणजे ते औषध नव्हे. जुलाबात घरी करायच्या पाण्याचं माप ठरलेलं आहे: लिटरभर पाण्याला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. सरबतात साखर बहुधा याहून बरीच जास्त असते. पण उन्हातून आलेल्या, घामाघूम माणसाला पेलाभर सरबतानं हुशारी येते, त्यामागे हीच जोडी आहे.

मग लिंबाचं काय? हिशेब मांडला तर ऊर्जा साखरेची: दोन चमचे, म्हणजे १० ग्रॅम साखरेच्या ४० कॅलरी. अर्ध्या लिंबाच्या रसाच्या जेमतेम चार-पाच. क जीवनसत्त्व थोडंफार मिळतं, पण तेवढ्यानं तरतरी येत नाही. तरीही सरबताला नाव लिंबाचंच, आणि ते रास्त आहे. नुसतं साखर-मिठाचं पाणी आजाऱ्यालाही आग्रहानं पाजावं लागतं. लिंबाची आंबट चव तोंडाला पाणी सुटवते, गोडाचा मिट्टपणा मोडते आणि दुसरा पेला मागायला लावते. तहानलेल्या माणसाच्या पोटात पाणी जावं, हाच सगळ्या खटाटोपाचा हेतू. तो लिंबाइतका कुणीच साधत नाही.

जिरेपूड, पादेलोण, वेलची, केशर हे अलंकार ज्याच्या त्याच्या आवडीचे. मूळ प्रमाण जमलं असेल तर ते शोभतात. बिघडलेलं प्रमाण त्यांनी झाकलं जात नाही.