प्रेक्षागृहातील भिंत

नाट्यगृहात कोणी कोणाच्या शेजारी बसावे, हे कायद्याने ठरू लागले तर नाटककाराने काय करावे? लिहिणे थांबवावे, की त्या भिंतीसमोरच प्रयोग करावा? दक्षिण आफ्रिकेचे नाटककार अ‍ॅथॉल फ्यूगार्ड (१९३२–२०२५) यांना हा प्रश्न आयुष्यभर सोडवावा लागला. त्यांच्या नाटकांचे मूल्यमापनही तो बाजूला ठेवून करता येत नाही.

त्या देशातील १९५३ च्या स्वतंत्र सुविधा कायद्याने सार्वजनिक जागा वंशानुसार राखून ठेवण्यास मान्यता दिली. या वेगळ्या सुविधा सारख्या दर्जाच्या असण्याची गरज नाही, अशी तरतूदही त्यातच होती. १९६५ मध्ये समूह-क्षेत्र कायद्याखाली निघालेल्या घोषणेने परवान्यावाचून मिश्र प्रेक्षक आणि मिश्र नटसंच या दोहोंनाही मनाई केली. केपटाउनचे निको मालान हे भव्य नाट्यगृह १९७१ मध्ये उघडले, ते केवळ गोऱ्यांसाठी. इतरांना तेथे प्रवेश मिळण्यास १९७५ साल उजाडले.

या कायद्याचा घाव नेमका कोठे बसतो, हे आपल्या साहित्यशास्त्राच्या परिभाषेत चांगले सांगता येते. भट्टनायकाने मांडलेल्या आणि अभिनवगुप्ताने पुढे नेलेल्या साधारणीकरणाच्या कल्पनेनुसार रसास्वादाच्या क्षणी प्रेक्षकाचे ‘मी’पण गळून पडते. ज्या प्रेक्षागृहात खुर्चीच त्याला त्याच्या वर्णाची आठवण करून देते, तेथे हे घडावे कसे? मात्र दुसऱ्याकडे बोट दाखवताना एवढे ध्यानात ठेवावे, की नाट्याला सर्व वर्णांसाठीचा पाचवा वेद म्हणणाऱ्या भरताच्या नाट्यशास्त्रातच नाट्यगृहाचे खांब चार वर्णांच्या नावे वाटून दिले आहेत. भिंत आपल्यालाही अपरिचित नाही.

फ्यूगार्ड यांचे ‘द ब्लड नॉट’ १९६१ मध्ये जोहान्सबर्गला रंगमंचावर आले. पोर्ट एलिझाबेथजवळच्या कोर्स्टेन वस्तीतील एका खोपटात मॉरिस आणि झकराया हे सावत्र भाऊ राहतात. मॉरिस गोरा म्हणून खपेल इतका उजळ, तर झकराया काळा. दिवसभर फाटकावर उभे राहून काळ्यांना आत येऊ न देणे ही झकरायाची नोकरी. संध्याकाळी त्याच्या दुखऱ्या पायांसाठी मॉरिस गरम पाणी काढून ठेवतो. शेताच्या तुकड्यासाठी जमवलेल्या पैशांतून एके दिवशी ‘साहेबा’चा पोशाख येतो आणि दोघे भाऊ गोरा मालक व काळा नोकर यांचा खेळ खेळू लागतात. पाहता पाहता खेळाची मर्यादा सुटते. मॉरिसची भूमिका स्वतः फ्यूगार्ड यांनी केली, झकरायाची झेक्स मोकाए यांनी. एक गोरा आणि एक काळा नट एका रंगमंचावर भाऊ म्हणून उभे राहिले, हाच त्या प्रयोगाचा सर्वांत ठळक संवाद होता.

नाटकात उणीव नाही असे नाही. झकरायाला लिहिता-वाचता येत नाही. त्याची पत्रे मॉरिस लिहितो आणि आपणही त्याचे दुःख बव्हंशी मॉरिसच्या अपराधी मनातूनच पाहतो. काळ्या भावाच्या वतीने गोरा लेखक बोलतो आहे, ही टोचणी राहतेच.

१९६२ मध्ये फ्यूगार्ड यांनी ब्रिटिश नाटककारांना आवाहन केले, की वंशभेद पाळणाऱ्या नाट्यगृहांना आपली नाटके देऊ नयेत. पुढच्याच वर्षी अनेक नामवंतांनी तशा जाहीरनाम्यावर सह्या केल्या. पण ते दशक संपण्यापूर्वीच फ्यूगार्ड यांनी आपले मत बदलले. मौनापेक्षा, विभागलेल्या प्रेक्षकांपुढे का होईना, बोलणे त्यांना श्रेयस्कर वाटू लागले. अनेकांना ही माघार वाटली आणि त्यांचा आक्षेप हलका नव्हता. परवान्याच्या मेहेरबानीवर होणारा प्रयोग त्या परवान्यालाच प्रतिष्ठा देतो.

या वादात फ्यूगार्ड यांच्या बाजूने खरी साक्ष देतात ती त्यांची पुढची नाटके. ‘सिझ्वे बान्झी इज डेड’ (१९७२) आणि ‘द आयलंड’ (१९७३) ही जॉन कानी आणि विन्स्टन न्त्शोना यांच्यासह रचलेली नाटके आहेत. काळ्या माणसाचा ‘नट’ हा व्यवसाय सरकारदरबारी अस्तित्वातच नसल्याने हे दोघे फ्यूगार्ड यांचे घरगडी म्हणून नोंदले गेले होते. पहिल्या नाटकात मेलेल्या माणसाचे पासबुक घेऊन जगावे लागणारा मनुष्य आहे. दुसऱ्यात बेटावरच्या तुरुंगात ‘अँटिगनी’ची तालीम करणारे दोन कैदी आहेत. येथे झकराया स्वतःचे पत्र स्वतः लिहू लागला आहे. १९७५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये कानी आणि न्त्शोना या दोघांना मिळून अभिनयाचा टोनी पुरस्कार मिळाला.

बहिष्काराची भूमिका नैतिकदृष्ट्या अधिक निर्मळ होती, हे मान्य करावे लागते. परंतु केवळ तीच धरून ठेवली असती तर ही सहरचना जन्मास आली नसती. स्वतंत्र सुविधा कायदा १९९० मध्ये रद्द झाला. भिंत पाडली ती राजकीय लढ्याने, नाटकाने नव्हे. भिंतीपलीकडे माणूस आहे, याची जाणीव मात्र या नाटकांनी भिंत उभी असतानाच जागती ठेवली.