सॉल्ट बदललं की औषध नवं होतं का? पेटंटचे २०२४ चे नियम आणि विरोधाचा हक्क

पेटंट कायद्याची बातमी दिसली की आपण विज्ञानवाले बहुतेक वेळा "हे वकिलांचं काम" म्हणून पुढे जातो. पण भारतीय पेटंट कायद्यातलं सगळ्यात गाजलेलं कलम, ३(डी), हे खरं तर रसायनशास्त्राचं कलम आहे. बीएस्सीची केमिस्ट्री नीट आठवत असेल तर ते सहज समजतं. हे कलम प्रत्यक्षात वापरायचं जे हत्यार सामान्य माणसाच्या हातात होतं, ते मार्च २०२४ च्या नव्या नियमांनी बोथट केलं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. का, ते सांगतो.

आधी केमिस्ट्री

उदाहरण घेऊ बेडाक्विलिनचं. नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या टीबीवरचं हे औषध. टीबीच्या जंतूचं एटीपी सिंथेस हे एन्झाइम ते अडवतं, म्हणजे जंतूचा ऊर्जेचा पुरवठाच तोडतं. त्याला अमेरिकेत डिसेंबर २०१२ मध्ये मान्यता मिळाली. याआधी अशा रुग्णांना महिनोन्‌महिने कॅनामायसिनसारखी इंजेक्शनं घ्यावी लागत, आणि त्यात काहींचं ऐकू येणं कायमचं जात असे.

बेडाक्विलिनच्या रेणूत एक अमाईन गट आहे आणि हा रेणू पाण्यात फारसा विरघळत नाही. अशा वेळी औषध बनवणारे केमिस्ट एक ठरलेली गोष्ट करतात: वेगवेगळी आम्लं घेऊन रेणूचे क्षार बनवून बघतात आणि ज्याची विद्राव्यता, स्थिरता बरी असेल तो निवडतात. लॅबमध्ये याला सॉल्ट स्क्रीनिंग म्हणतात. इथे फ्युमॅरिक आम्लाचा क्षार निवडला गेला, गोळीत तोच असतो. काम मेहनतीचं आहे, नाकारत नाही. पण जंतूशी लढतो तो रेणू बेडाक्विलिनच. जंतूला फ्युमॅरेटशी काही देणंघेणं नाही.

जॉन्सन अँड जॉन्सनचं मूळ रेणूवरचं भारतीय पेटंट जुलै २०२३ मध्ये संपत होतं. फ्युमॅरेट क्षारासाठीचा वेगळा अर्ज मंजूर झाला असता, तर मक्तेदारी २०२७ पर्यंत लांबली असती. या प्रकाराला 'एव्हरग्रीनिंग' म्हणतात.

मग कायदा

कलम ३(डी) आजच्या रूपात आलं २००५ च्या दुरुस्तीने. ते म्हणतं: माहीत असलेल्या पदार्थाचं नवं रूप (क्षार, एस्टर, वेगळी स्फटिकरचना, कणांचा आकार वगैरे) हा शोध नाही, त्याने परिणामकारकता वाढत असेल तरच बोला. परिणामकारकता म्हणजे नेमकं काय, हे १ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिसच्या ग्लिव्हेक खटल्यात सांगितलं. इमॅटिनिब मेसिलेटचं बीटा स्फटिकरूप शरीरात ३० टक्के जास्त शोषलं जातं, असा कंपनीचा दावा होता. कोर्टाने विचारलं, त्याने रोग जास्त बरा होतो हे दाखवलंत का? औषधाच्या बाबतीत परिणामकारकता म्हणजे उपचाराची परिणामकारकता. ती दाखवलेली नव्हती, पेटंट नाकारलं गेलं. वैज्ञानिक म्हणून मला हा निकाल फार आवडतो, कारण 'गुणधर्म बदलला' आणि 'फायदा झाला' यांत तो गल्लत करत नाही.

विरोध कोण करतं?

पण कलम आपणहून काम करत नाही. परीक्षकासमोर अर्जांचा ढीग असतो. त्या विशिष्ट अर्जात जुनं काय आणि नवं काय, हे पुराव्यानिशी कुणीतरी दाखवून द्यावं लागतं. त्यासाठी कलम २५(१) आहे: पेटंट मिळण्याआधी 'कोणतीही व्यक्ती' विरोध नोंदवू शकते. ग्लिव्हेकला विरोध करणाऱ्यांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन होती. बेडाक्विलिनच्या फ्युमॅरेटला विरोध करणाऱ्यांत मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले होत्या. दोघीही टीबीतून बऱ्या झालेल्या, आणि उपचारात दोघींची श्रवणशक्ती गेलेली. मार्च २०२३ मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयाने तो अर्ज फेटाळला.

२०२४ चे नियम काय करतात

पहिलं, आता कंट्रोलर आधी ठरवणार की विरोध विचारात घेण्याजोगा आहे की नाही. प्रथमदर्शनी नसेल तर दारातच परत. पण 'विचारात घेण्याजोगा' म्हणजे काय, याचे निकष नियमांत दिलेलेच नाहीत. कुठल्याही प्रयोगात वगळण्याचे निकष आधी लिहून ठेवावे लागतात. इथे ते अधिकाऱ्याच्या मनात.

दुसरं, जो विरोध फुकट करता येत होता त्याला शुल्क लागलं.

तिसरं, फॉर्म २७. पेटंट घेतल्यावर तुम्ही ते भारतात वापरता का, याची माहिती कंपनीला दर वर्षी द्यावी लागे. आता तीन आर्थिक वर्षांतून एकदा. हे क्षुल्लक वाटेल, पण २०१२ मध्ये बायरच्या नेक्साव्हारवर देशातला पहिला सक्तीचा परवाना देताना याच माहितीचा आधार घेतला गेला होता. महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपयांचं ते कॅन्सरचं औषध नॅटको ८,८०० रुपयांत देणार होती.

दुसरी बाजू

नियमांच्या समर्थकांचा मुद्दा खोटा नाही. विरोधाचा गैरवापर होतो. डमी नावांनी एकामागून एक विरोध टाकून अर्ज वर्षानुवर्षं लटकवले जातात. मुंबई उच्च न्यायालयाने २०२० मध्ये अशा एका विरोधकाला दंडासह खडसावलं होतं. खऱ्या संशोधकाचा अर्ज अडकणं हाही अन्यायच.

पण उपाय तपासा. डमी माणसाच्या मागे जो प्रतिस्पर्धी असतो, त्याला शुल्काने काय फरक पडणार? फरक पडतो तो अनेक औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या, देणग्यांवर चालणाऱ्या रुग्णसंघटनेला. गाळणी लावली खरी, पण गाळ खाली जातो आणि पाणी वर अडकतं. शिवाय मुंबईच्या त्या निकालाने दाखवलंच आहे की गैरवापर सिद्ध झाल्यावर दंड करायची सोय आधीपासून होती. मग सगळ्यांसाठीच दार अरुंद का करायचं?

माझ्या मते किमान तीन गोष्टी व्हाव्यात: वगळण्याचे निकष लेखी असावेत, रुग्ण आणि रुग्णसंघटनांना शुल्क माफ असावं, आणि फॉर्म २७ पुन्हा वार्षिक व्हावा. यातल्या एकानेही खऱ्या संशोधकाचं नुकसान होत नाही.

घरातल्या औषधांच्या पाकिटांवर एकदा नजर टाका. नावापुढे मेसिलेट, टोसिलेट, फ्युमॅरेट असं काही दिसेल. त्यातला बराचसा भाग चांगली, उपयोगी केमिस्ट्री आहे. ती वीस वर्षांच्या मक्तेदारीच्या लायकीची आहे का, हे विचारायचा हक्क मात्र पाकीट विकत घेणाऱ्याकडेही राहिला पाहिजे.