लॉन कुणासाठी? अफझलगंजच्या ग्रंथालयाचं आवार

हैदराबादच्या स्टेट सेंट्रल लायब्ररीच्या आवारासाठी केलेलं एक लँडस्केप डिझाइन अलीकडेच एका विद्यार्थी-प्रदर्शनात पाहिलं. रेखाटन देखणं होतं. समोर सलग लॉन, मधोमध कारंजं, भिंतीला लागून फुलझाडांचे वाफे, सगळीकडे पेव्हर ब्लॉक. तरुण मंडळींनी या वास्तूचा विचार केला, याचं कौतुकच आहे. पण माझ्यातला जुना इंजिनिअर गप्प बसेना.

१८९१ मध्ये आसफिया नावानं सुरू झालेल्या या ग्रंथालयाची आजची इमारत १९३६ ची, मुसीकाठची. २८ सप्टेंबर १९०८ च्या महापुरानंतर विश्वेश्वरय्यांना बोलावलं गेलं; पुढे उस्मानसागर (१९२०) आणि हिमायतसागर (१९२७) झाले. हायकोर्ट, उस्मानिया दवाखाना अशा मोठ्या इमारती याच नदीच्या काठांवर उभ्या राहिल्या. अशा जागी पाणी कुठून येतं नि कुठं जातं, हा पहिला प्रश्न. आणि या नकाशात उतार दाखवणारा एक बाण नाही!

भिंतीलगतचे वाफे म्हणजे जोत्याला रोज पाणी पाजणं. ओल भिंतीत वर चढते, गिलावा फुगतो, आणि आत तर कागद आहे. जुन्या जमिनीवर खडी-वाळूचा थर देऊन ब्लॉक बसवले की आवार सहा-आठ इंच वर येतं. मग पावसाचं पाणी इमारतीकडे वळायला वेळ लागत नाही.

दुसरं दुखणं सावलीचं. लॉनसाठी झाडं विरळ केलीत. मी मराठी पुस्तकं बघायला जातो (मराठवाडा १९५६ पर्यंत याच राज्यात होता, हे इथं विसरता येत नाही), तेव्हा स्पर्धा परीक्षांची मुलं झाडाखाली वाचत बसलेली असतात. मे महिन्यात लॉनवर कोण बसणार? जवळच दवाखान्याच्या आवारातली चिंच उभी आहे. १९०८ च्या पुरात तिच्यावर चढून सुमारे दीडशे माणसं वाचली असं सांगतात. झाडाची किंमत या मोहल्ल्याला कुणी शिकवायला नको.

गाड्या दर्शनी भागातून हलवण्याची सूचना मात्र शंभर टक्के पटली. तेवढी ठेवा. वाफे भिंतीपासून दूर न्या, भिंतीलगत उघडी खडीची पट्टी नि बाहेर उतरणारी नाली द्या. कारंज्याच्या पैशात झाडांभोवती रुंद कट्टे बांधा, वही ठेवता येईल एवढे.