खड्ड्यात पुरलं की संपलं? एक जुना पेपर आणि आपले कडे

पीएचडीच्या प्रवेशाची तयारी करणाऱ्यांना सगळे सांगतात, पेपर ‘क्रिटिकली’ वाचा. म्हणजे नक्की काय करायचं, हे मात्र फारसं कोणी करून दाखवत नाही. या वेळी एक पेपर घेऊन ते करूनच बघू. पेपर छोटा आहे, जुना आहे, भाषा सोपी आहे. विषय असा आहे की वर्गात काढला तर निम्मे हसतील आणि निम्मे वहीत बघतील: डोंगरात गेल्यावर माणूस जी शी करतो, तिचं पुढे काय होतं?

टेम्पल, कॅम्पर आणि मॅकफीटर्स, १९८०. नियतकालिक ‘अप्लाइड अँड एन्व्हायर्नमेंटल मायक्रोबायोलॉजी’.

त्या काळी अमेरिकेतल्या डोंगरभटक्यांना दिला जाणारा सल्ला आजही जवळपास तसाच आहे. पाण्यापासून दोनशे फूट लांब जा, पंधरा-वीस सेंटीमीटरचा खड्डा करा, उरका, माती लोटा. बाकीचं माती बघून घेईल. आपल्याकडच्या शिबिरांतही हाच सल्ला मिळतो, फक्त फुटांचा आकडा गाळून. या सल्ल्यात एक दावा दडलेला आहे, तो म्हणजे मातीतले जीव थोड्याच काळात विष्ठा निरुपद्रवी करतात. या तिघांनी तेवढाच दावा उचलला आणि तपासला. माणसाच्या विष्ठेत ई. कोलाय आणि साल्मोनेला टायफिम्युरियम हे दोन जिवाणू मिसळले, ती मोंटाना राज्यातल्या ब्रिजर डोंगररांगेत पुरली आणि ठरावीक काळाने उकरून जिवंत जिवाणू मोजले.

जिवाणू कमी झाले, पण संपले नाहीत. उन्हाळ्यातल्या आठ आठवड्यांनंतरही दोन्ही सापडले. दुसऱ्या खेपेत साल्मोनेला हिवाळा काढून पुढच्या उन्हाळ्यापर्यंत टिकला. खड्डा किती खोल, याने फरक पडला नाही. उथळ पुरल्याने विष्ठा लवकर निर्धोक होते ही कल्पनाच चुकीची आहे, असा निष्कर्ष लेखकांनी आडपडदा न ठेवता काढला.

मला हा पेपर आवडतो, कारण ‘सगळ्यांना माहीत असलेली’ गोष्ट त्यांनी मोजली. संशोधनाचा विषय शोधताना आपण फार लांब बघतो. रोज ऐकलेल्या एखाद्या सल्ल्यात ‘लवकर’, ‘पुरेसं’, ‘आपोआप’ असे शब्द असतील तर तिथे आकडा गायब असतो, आणि बरेचदा तिथेच काम सापडतं.

आता दोष बघू. पहिला: जिवाणू बाहेरून मिसळलेले आहेत. त्यामुळे सुरुवातीची संख्या माहीत असते आणि मोजणी सोपी होते, हा फायदा. पण निरोगी माणसाच्या विष्ठेत साल्मोनेला इतका नसतोच. म्हणजे पेपरने ‘असला तर किती टिकेल’ याचं उत्तर दिलंय, ‘असतो का’ याचं नाही. धोक्याबद्दल बोलायचं तर दोन्ही लागतात. दुसरा: दोनच जिवाणू. विषाणू नाहीत, जंतांची अंडी नाहीत. गोल जंताची अंडी मातीत महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं तग धरतात. तेव्हा या बाबतीत पेपरचा निष्कर्ष सौम्यच म्हणायचा. तिसरा दोष मोठा आहे, पण तो लेखकांचा नाही, वाचणाऱ्यांचा आहे. एका थंड, बर्फ पडणाऱ्या डोंगररांगेतला निकाल ‘डोंगरात असं होतं’ म्हणून जगभर वापरायचा, हा.

सह्याद्रीत काय होईल? इथे उत्तर सरळ नाही. आपला चढाईचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी. त्यानंतर मार्च ते मे काळा कातळ तापतो. ऊन, कोरडेपणा आणि उष्णता तिन्ही जिवाणूंना मारक. त्यामुळे कोणी म्हणालं की मोंटानात वर्ष लागतं ते हरिश्चंद्रगडावर दोन महिन्यांत होईल, तर ते हसण्यावारी नेता येणार नाही. पण याच्या उलट बाजूला तीन गोष्टी आहेत. एक, बेसॉल्टच्या कातळावर मातीचा थर अनेक ठिकाणी वीतभरही नसतो, मग पंधरा सेंटीमीटर खणणार कुठे? लोक शेवटी कपारीत, दगडाआड, सावलीत बसतात, म्हणजे नेमकं जिथे ऊन पोचत नाही तिथे. दोन, जूनमध्ये पाऊस हळूहळू सुरू होत नाही, कोसळतो. आठ महिन्यांचं साठलेलं पहिल्या काही दिवसांत वाहून खाली येतं. आणि तीन, आपल्या गडांवर पिण्याचं पाणी म्हणजे कातळात खोदलेली टाकी, जी त्याच वाहत्या पाण्याने भरतात. मोंटानातल्या भटक्याला दोनशे फूट लांब जाता येतं. लिंगाण्यासारख्या सुळक्यावर गुहा, टाकं आणि माणसं सगळं इतकं जवळ की दोनशे फूट लांब जायचं म्हणजे दरीत जायचं.

ही गोष्ट समजायला मला मोंटानापेक्षा पणदऱ्याचा जास्त उपयोग झाला. आमच्याकडे काळी माती, कालव्याचं पाणी, ऊस. खणायला अडचण नाही. तरीही ग्रामीण भागात दोन शोषखड्ड्यांचं जे संडास बांधतात, त्याचा नियम काय असतो? एक खड्डा भरला की बंद करायचा, दुसरा सुरू करायचा, आणि बंद केलेला किमान वर्षभर, शक्यतो त्याहून जास्त, उघडायचा नाही. मगच ते खत म्हणून हाताळायचं. म्हणजे सपाटीवर, भरपूर मातीत, आपण वर्षभर थांबतो. आणि डोंगरावर, मातीच नसताना, वर दगड ठेवला की विषय संपला असं मानतो. गावच्या गवंड्याला १९८० चा पेपर माहीत असायची गरज नाही, त्याचा खड्डा त्या पेपरशी जुळतो. आमच्या शिबिरातला सल्ला जुळत नाही.

हे झालं जिथे पाय टेकतात तिथलं. खरी पंचाईत उभ्या कड्यावर. कोकणकड्यासारखी चढाई एका दिवसात आटपत नाही, रात्र दोरावर किंवा एखाद्या चिंचोळ्या कंगोऱ्यावर काढावी लागते. तिथे खड्डा हा पर्यायच नाही. याचं उत्तर कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीत निघालं. एल कॅपिटन हा सुमारे ९०० मीटरचा कडा, चढायला अनेक दिवस. पूर्वीचे आरोहक कागदी पिशवीत उरकायचे आणि पिशवी खाली भिरकावायचे. गर्दी वाढली, कड्याचा पायथा घाण झाला आणि उद्यानाने ते बंद केलं. आता सगळं सोबत खाली आणावं लागतं. त्यासाठी पीव्हीसी पाइपचा तुकडा घेतात, नळाच्या कामाला वापरतात तोच, दोन्ही टोकांना झाकणं, एक आटे असलेलं. शी पिशवीत करायची, त्यात ओल शोषणारी पावडर टाकायची, पिशवी बांधून पाइपात, आणि पाइप सामानाच्या थैलीच्या खाली लटकवायचा. आत जेल होणारी पावडर असलेल्या तयार दुहेरी पिशव्याही मिळतात. एव्हरेस्टच्या वाटेवरच्या खुंबू पासांग ल्हामू ग्रामीण नगरपालिकेने २०२४ पासून आरोहकांना अशा पिशव्या सक्तीच्या केल्या.

पाइप किती लांब घ्यायचा? इथे दुसरा पेपर. रोझ आणि सहकारी, २०१५: जगभरच्या अभ्यासांतून माणशी रोजच्या विष्ठेचं मध्यक वजन १२८ ग्रॅम. हा आकडा सगळीकडे उचलला जातो. पण त्याच पेपरात पुढे श्रीमंत आणि गरीब देश वेगळे काढलेत, आणि गरीब देशांत आकडा जवळपास दुप्पट, २५० ग्रॅम. मुख्य कारण आहारातला चोथा. भाकरी-पिठलं खाऊन कड्यावर गेलेल्या चार जणांची तीन दिवसांची तयारी १२८ च्या हिशोबाने केली तर दीड किलो होते, २५० ने तीन किलो. पाइप अर्ध्यावरच भरेल. सारांश वाचून थांबू नका, तक्ते बघा, असं मार्गदर्शक का म्हणतात ते इथे कळतं.

काही जण म्हणतात, एवढा खटाटोप कशाला, खाली कोण आहे? कोकणकड्याखाली बेलपाडा आहे. नळीची वाट आहे, जी ओढ्याच्या पात्रातूनच चढते. कड्यावरून टाकलेलं ‘नाहीसं’ होत नाही, फक्त टाकणाऱ्याला दिसेनासं होतं. गंमत म्हणजे अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या, रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडावरचा केर खाली टाकू नये, तिथेच जाळावा आणि राख परसात भाजीपाल्याला वापरावी असं सांगितलंय. आता यावरून शिवकाळातला पर्यावरणवाद वगैरे काढू नका. तिथे विषय केराचा आहे, शिबंदीच्या शिस्तीचा आहे. पण गडाखालची जागाही जागाच असते, एवढं त्यात गृहीत आहे. रायगडावर राणीवशात शौचकूप दाखवतात, म्हणजे वर राहणाऱ्यांची सोय हा बांधकामाचा भाग होता. आजच्या मोहिमेच्या सामानाच्या यादीत दोर, खिळे, कॅराबिनर, चहा-साखर सगळं असतं आणि हे एक नसतं.

लघवीचं काय? ती बहुतेक पाणीच, उघड्या उन्हातल्या कातळावर वाळून जाते. मुक्कामाची जागा आणि ओव्हरहँगखालची कोरडी जागा सोडायची, कारण तिथे पावसाचं पाणी लागत नाही आणि वास राहतो. पुरुषांसाठी विषय इथे संपतो आणि बहुतेक पुस्तकंही इथेच संपतात.

बायकांसाठी तो इथे सुरू होतो. मी ज्या संस्थेकडे बेसिक कोर्स केला तिथे पहिल्या दिवशी आम्हा मुलींना सांगितलं, “सकाळी पाणी बेतानेच प्या, म्हणजे वर अडचण नको.” सांगणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं. पण बघा, घाणीचा प्रश्न तांत्रिक मानून त्याला पाइप शोधला, आणि बाईच्या लघवीचा प्रश्न तिच्या तहानेवर ढकलला. आमच्याकडे उसाचा हंगामही चढाईच्याच महिन्यांत असतो. फडात राबणाऱ्या, कोप्यांत राहणाऱ्या बायकाही हेच करतात: आडोसा नाही म्हणून पाणी कमी. एकीची हौस, दुसरीचं पोट. तुलना तिथे संपते, पण मूत्राशयाला तो फरक कळत नाही.

पाणी कमी पिण्याने खरंच बिघडतं का? हूटन आणि सहकारी, २०१८: ज्यांना लघवीचा संसर्ग वारंवार होतो आणि ज्या दिवसाला दीड लिटरहून कमी पाणी पितात अशा १४० स्त्रिया. निम्म्यांना रोज दीड लिटर जास्त प्यायला लावलं. वर्षभरात त्या गटात सरासरी १.७ वेळा संसर्ग, दुसऱ्यात ३.२ वेळा. चांगला, यादृच्छिक वाटणीचा प्रयोग. पण अभ्यासाला पैसा बाटलीबंद पाणी विकणाऱ्या डॅनोन समूहाचा होता, हे ध्यानात ठेवून वाचायचा. त्याने निकाल खोटा ठरत नाही. आणि या स्त्रियांना आधीपासून त्रास होता, त्यामुळे दोन दिवस पाणी तोडणाऱ्या निरोगी मुलीला हे आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत. मोंटानाच्या वेळी जी शंका काढली तीच इथे. निकाल आपल्या बाजूचा आहे म्हणून सूट नाही.

तोडगे आहेत, आणि महागही नाहीत. बऱ्याच हार्नेसच्या मांडीच्या पट्ट्या मागून सुटतात. कंबरेचा पट्टा आणि दोराची गाठ तशीच ठेवून बसता येतं. कंबरपट्टा कुठल्याही कारणाने सोडायचा नाही, ही एकच अट. उभ्याने लघवी करायचं नरसाळं औषधाच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळतं, पण ते घरी न्हाणीघरात दोन-चारदा वापरून बघितल्याशिवाय कड्यावर नेऊ नये. पुरुषांनी मान वळवायची, आणि तसं सांगायचं काम त्या मुलीवर न सोडता मोहिमेच्या प्रमुखाने निघण्याआधी करायचं.

कॅथलीन मायर यांचं ‘हाऊ टू शिट इन द वुड्स’ हे १९८९ चं पुस्तक या विषयावर सगळ्यात जास्त वाचलं गेलं असावं. त्यात विनोद आहे, संकोच मोडण्याचं काम ते छान करतं. पण ते नदी आणि जंगल असलेल्या देशाचं पुस्तक आहे, त्यातल्या सूचना टाक्याशेजारी बसून वाचल्या की अडतात.

ज्यांना यातून लहानसा प्रकल्प करायचाय त्यांच्यासाठी: गर्दीच्या एका गडावरची दोन टाकी घ्या, एक मुक्कामाच्या गुहेजवळचं, एक लांबचं. मे अखेर आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर आठवड्याने, दोन्हींचं पाणी निर्जंतुक बाटलीत, बर्फात, चोवीस तासांच्या आत प्रयोगशाळेत, ई. कोलायच्या मोजणीसाठी. गुरं आणि माकडंही तिथेच फिरतात, तेव्हा जिवाणू माणसाचेच कशावरून, हा प्रश्न परीक्षक पहिला विचारतील. त्याचा विचार आधीच करा. आणि चढाईला जाणाऱ्या गटाचं निघताना आणि उतरल्यावर वजन घ्या, प्यायलेलं पाणी लिहा. मुलगे आणि मुलींचे रकाने वेगळे ठेवा.